फेब्रुवारीतलं डुक्कर

मिसेस टी पेन्सिल अंबाड्यात खोचत आणि मग तीच पेन्सिल घरभर शोधत.

गाडी नेहमी उलटी लावत. तोंड रस्त्याकडे.

मिल रोडच्या रेल्वे फाटकाशी थांबत, दार किंचित उघडून कान देत, मगच पुढे जात. तिथले रूळ उखडून अठरा वर्षं झाली.

कुठल्याही बैठकीत आधी डोकी मोजत, ओठ हलवत. संख्या जुळल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. ती कशाशी जुळायला हवी हे कुणालाच माहीत नव्हतं.

न्याहारीला ॲपल पाय, वर चेडर चीजचा तुकडा. पाय आदल्या दिवशीचाच हवा. ताजा पाहुण्यांना.

आणि कुणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर बर्फ पडायला लागलाय म्हणून सांगितलं, तरी विचारत, "कुठल्या कागदात?"

यातल्या निम्म्या सवयी शाळेच्या बसने लावलेल्या. एकतीस वर्षं त्यांनी ती चालवली. आमच्या कटलर्स नेकमध्ये साठीच्या आतल्या बहुतेकांनी लहानपणी त्यांच्या बसमध्ये डबा विसरलेला आहे. पूर्ण नाव युनिस थिबोडो. पण बसमध्ये पडलेलं नाव जात नाही, म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्या मिसेस टीच होत्या.

उरलेल्या सवयी थँकफुल गॅरॉवेने लावलेल्या.

थँकफुल गॅरॉवे ही आमची चेटकीण. प्रत्येक गावाला काहीतरी असतं. वीस मैलांवर चेटकिणींच्या खटल्यांचं प्रसिद्ध सेलम आहे, त्यांच्याकडे तर भरपूर आहेत. आमच्याकडे एकच, पण त्यांच्याहून नऊ वर्षं जुनी. विधवा बाई, दोन गायी, सलगम साठवायचा खड्डा. सोळाशे त्र्याऐंशी साली शेजारच्या जॉब पेनीमनने तिच्यावर आळ घेतला की तिने करणी करून माझी गाय आटवली. त्या प्रकरणाचे तीन कागद शिल्लक आहेत. दोन साक्षी, आणि तिला खटल्यासाठी बॉस्टनला पाठवावं असा नोव्हेंबरातला हुकूम. पुढे काहीच नाही. निकाल नाही, नोंद नाही.

ही पोकळी दीडशे वर्षांपूर्वी गावच्या एका पाद्र्याने भरली. त्याने लिहिलं की तिला इथेच, गावमध्यातल्या हिरवळीवरच्या ओकच्या झाडाला फाशी दिलं आणि फाशीच्या शिडीवरून तिने गावाला शाप दिला. गावाला ते फार आवडलं. तेव्हापासून दर जुलैमध्ये, चार शनिवार, आम्ही तिचा खटला हिरवळीवर करतो. त्याला नुसतं 'खटला' म्हणतात. लोक वूस्टरहून दोन तास गाडी चालवून येतात. तळलेल्या शिंपल्या खातात, चेटकीण बघतात, परत जातात.

एक्क्याण्णव साली खटल्याची संहिता मिसेस टींकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला नको होती. सकाळी मुलं शाळेत पोचली की दुपारी तीनपर्यंत बस रिकामी असे. त्या वेळात त्या ग्रंथालयात बसून सतराव्या शतकातलं हस्ताक्षर वाचायला शिकल्या. आणि त्यांनी नियम केला. कागदात नाही ते वाक्य हिरवळीवर बोललं जाणार नाही.

तोवर थँकफुलला जाळत असत. लाल कागदाच्या ज्वाळा आणि मागे टेबलफॅन. मिसेस टींनी पहिल्याच वर्षी फॅन बंद केला. आमच्याकडे चेटकिणींना जाळत नव्हते, फाशी देत. पुढच्या वर्षी टोकदार टोप्या गेल्या. मग काळे कपडे गेले, तपकिरी आले. मग थँकफुलच्या स्वयंपाकघरातले बटाटे गेले, कारण बटाटा या भागात चाळीस वर्षांनी यायचा होता. बटाट्यांवरून दोन जणांनी गावच्या इतिहास मंडळाचा राजीनामा दिला. शापही गेला. ओकचं वय त्यांनी वनखात्याच्या माणसाकडून मोजून घेतलं. अडीचशेच निघालं. झाडाखालची फाशीची पाटी काढायचा ठराव मात्र हरला.

फाशी राहिली. बॉस्टनला गेल्यावर थँकफुलचा कुठे पत्ताच लागत नव्हता, आणि पत्ता नसलेल्या बाईचं दुसरं काय झालं असणार?

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले, तेव्हा माझ्याकडे पदवी सोडून काहीच नव्हतं. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होते. मिसेस टी बिजागऱ्या घ्यायला आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "थिया. मागून तिसरा बाक, खिडकी." मग म्हणाल्या की ग्रंथालयामागच्या मंडळाच्या खोलीत धूळ फार झालीय, आणि साहित्य शिकलेल्या माणसाला धूळ झटकता येत असेल असं त्यांना वाटतं. त्या दिवसापासून मला नाव पडलं, पदवीधर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला जुनं कॅलेंडर शिकवलं. त्या काळी वर्ष जानेवारीत बदलत नसे, पंचवीस मार्चला बदले. म्हणजे सोळाशे त्र्याऐंशीचा डिसेंबर संपला की सोळाशे त्र्याऐंशीचाच जानेवारी, त्र्याऐंशीचाच फेब्रुवारी. चौऱ्याऐंशी उजाडायला मार्च संपत यावा लागे. हे मी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, परीक्षा असेल.

परीक्षा दोन वर्षांनी आली, या जानेवारीत.

मी भिंतीवरच्या चौकटी पुसत होते. दाराशेजारी एक चौकट आहे. आत अर्धा कागद, खालचा भाग उंदरांनी खाल्लेला. जॉब पेनीमनची तक्रार, थँकफुल गॅरॉवेविरुद्ध, डुकराबद्दल. ही त्याने घरी ठेवलेली प्रत. शाळेची मुलं सहलीला आली की डुक्कर म्हणून हसतात आणि पुढे जातात. खाली टंकलेलं कार्ड होतं. 'फेब्रुवारी १६८३. खटल्याच्या नऊ महिने आधीची कुरबुर.'

मी ते शंभर वेळा पुसलं असेन. त्या दिवशी वाचलं.

म्हटलं, "मिसेस टी, हा फेब्रुवारी कधीचा?"

"कार्डावर आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, त्यांचं वर्ष मार्चात बदलायचं. मग त्र्याऐंशीचा फेब्रुवारी त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरानंतर येतो."

त्या उठल्या. चौकटीसमोर उभ्या राहिल्या. बोटांवर महिने मोजले, एकदा सुलटे आणि एकदा उलटे. मग खालच्या स्टुलावर बसल्या.

कार्ड त्यांनीच टंकलं होतं. एक्क्याण्णवमध्ये, जुनं कॅलेंडर शिकण्याच्या दोन महिने आधी. नंतर गावातल्या प्रत्येक कागदाची तारीख त्यांनी तपासली. हा एक भिंतीवर होता, म्हणून राहिला.

"खटल्यानंतर तीन महिन्यांनी," त्या म्हणाल्या, "ही बाई स्वतःच्या अंगणात उभी राहून पेनीमनशी डुकरावरून भांडतेय." मग म्हणाल्या, "आणि मी तिला तेहतीस वर्षं फाशी देतेय."

मी म्हटलं, म्हणजे ती निर्दोष सुटली. त्यांनी माझ्याकडे बसच्या आरशातून बघावं तसं बघितलं. ती सुटली असं कुठल्याच कागदात नाही, म्हणाल्या. कागद एवढंच सांगतो की फेब्रुवारीत ती कुंपणापाशी होती आणि तिची मान जागेवर होती.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. या जुलैत थँकफुलला जिवंत घरी आणायचं. हा त्यांचा शेवटचा खटला असणार होता. संहिता त्या माझ्याकडे देणार होत्या आणि चुकीची द्यायची नव्हती.

बातमी दुपारपर्यंत रॉस्को लंटपर्यंत पोचली. रॉस्को समुद्रात लॉब्स्टर पकडतो, आणि सव्वीस वर्षं खटल्यात फाशी देतो. त्याच्या आधी त्याचे वडील देत. गाठ मारण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कुणी नाही. त्याने दहा सह्या गोळा केल्या आणि मार्चच्या गावसभेपुढे विषय टाकला. आमच्याकडे दहा सह्या असल्या की काहीही गावसभेपुढे येऊ शकतं. बर्फ काढायची नवी गाडी हा विषय सतरावा होता, कुत्र्यांचे पट्टे अठरावा. एकोणिसावा असा: 'गॅरॉवे खटल्याचा देखावा परंपरेप्रमाणे, म्हणजे फाशीसह, करावा काय.'

इतिहास मताला टाकायचा असतो का, असं मी घरी विचारलं. वडील म्हणाले, मग ठरवायचं कसं?

शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत एकशे एकोणतीस माणसं जमली. मिसेस टींनी मोजली. सभापती ॲल्डन फ्राय, गावचा दंतवैद्य. हातात मतदानाची नारिंगी कार्डं, दाराशी कॉफी आणि डोनट. बर्फाच्या गाडीवर सव्वा तास वाद झाला. कुत्रे चार मिनिटांत उरकले.

रॉस्को आधी बोलला. चांगला बोलला. म्हणाला, लोक दोन तास गाडी चालवून फाशी बघायला येतात. बाई सुखरूप घरी आली हे बघायला कोण येईल? बायका रोजच घरी येतात. त्याने वडिलांचं नाव घेतलं, तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग मिसेस टी. त्यांनी पेन्सिल शोधली, ती अंबाड्यात सापडली. चौकट त्यांनी भिंतीवरून काढून आणली होती. तक्रार वाचली, मार्च समजावला. मागून बार्नी कोल म्हणाला, म्हणजे जानेवारी वर्षाच्या शेवटी यायचा का?

"अकरावा, बार्नी. आणि तेव्हाही तू उशिराच आला असतास."

सगळे हसले. मला वाटलं, जिंकलो.

कार्डं वर गेली. फाशीच्या बाजूने अडुसष्ट, विरुद्ध एकसष्ट.

सभापतींनी आकडे सांगितले आणि विसावा विषय पुकारायला कागद उलटला. मिसेस टी उभ्याच होत्या. त्या आवाज चढवत नसत, बसमध्येही नाही.

"बॉस्टनच्या परक्या लोकांनी तिला घरी येऊ दिलं," त्या म्हणाल्या. "तिला फाशी द्यायला शेजारीच लागले."

कुणीतरी डोनट खाली ठेवला, तेही ऐकू आलं.

रॉस्कोही अजून उभाच होता. जिंकूनही तो बसत नव्हता. कार्डाशी चाळा करत होता. मग एकदम, सभापतींकडे न बघता म्हणाला, "पण मिसेस टी, मग मी काय करायचं? जुलैत?"

म्हणजे एवढंच होतं. अडुसष्ट मतांच्या तळाशी एवढंच होतं. मला ते ऐकून धक्का बसला. मिसेस टींना बसला नसावा. रॉस्कोला त्या सहाव्या वर्षापासून ओळखत होत्या.

त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "इथे एक शेजारी आहे. जॉब पेनीमन. नोव्हेंबरात ती चेटकीण आहे म्हणून साक्ष देतो. फेब्रुवारीत त्याची डुकरीण तिच्या सलगमाच्या खड्ड्यात शिरते. ती डुकरिणीला कोंडते, आणि त्याला बाहेर बर्फात उभं करते. मोठं काम आहे. फाशी देणाऱ्याला तर एक वाक्यही नव्हतं."

"खरी डुकरीण?"

"कागदात तर खरी आहे."

"माझ्या मेव्हण्याकडे आहेत," रॉस्को म्हणाला. "सहा."

ॲल्डन फ्रायने हातोडी आपटली आणि जे काही बोलायचं ते सभापतींना उद्देशून बोला म्हणून सांगितलं. तेव्हा रॉस्कोने सभापतींना उद्देशून, पूर्ण नियमाने, फेरविचाराचा ठराव मांडला. तो मांडायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच असतो. कार्डं परत वर गेली. एकशे दोन विरुद्ध सत्तावीस. थँकफुल गॅरॉवे घरी आली.

सत्तावीस जण मात्र शेवटपर्यंत तिला फाशी द्यायच्या मताचे राहिले. त्यांतला एक माझा काका. तो म्हणतो, एकदा दिलेली फाशी अशी परत घेता येत नाही.

बाहेर पडताना मिसेस टी रॉस्कोला म्हणाल्या, "पाठांतर कर. पेनीमनला कागदातच बत्तीस ओळी आहेत." रॉस्को "हो, मिसेस टी" म्हणाला. तो पंचावन्न वर्षांचा आहे.

एप्रिलभर त्या लिहीत होत्या. मी समोर बसून टाचणं लावत होते. शेवटचा प्रवेश सरळ होता, कारण तक्रारीत सगळं होतं. डुकरिणीचा कान कापलेला होता हे होतं. बर्फ गुडघाभर होता हे होतं. पेनीमनने तीन वेळा हाक मारली, थँकफुलने तिसऱ्या हाकेला दार उघडलं. आणि मग शेवटची ओळ, 'तेव्हा सदर थँकफुल हसली व मला म्हणाली'. तिथून पुढे उंदीर.

आपल्याला फाशीच्या तोंडी देऊ पाहणारा माणूस डुकरासाठी दारात उभा आहे. बाई हसली, आणि काय म्हणाली?

गावभर सूचना सुरू झाल्या. बार्नी कोलने दोन पाठवल्या, एकही छापण्याजोगी नव्हती. रॉस्कोचं म्हणणं होतं की ती काही न बोलता डुकरिणीला दार उघडेल, आणि डुकरीणच परत जायला नकार देईल. मेव्हण्याच्या एका डुकरिणीला त्याने तसं शिकवायलाही घेतलं. मी अकरा वाक्यं लिहिली. अकरावं खरोखर चांगलं होतं. त्यात क्षमा होती, टोमणा होता, आणि थोडा बर्फ होता.

मिसेस टींनी ते दोनदा वाचलं. "छान आहे," म्हणाल्या. "कुठल्या कागदात?"

मी चिडले. म्हटलं, मिसेस टी, साहित्य म्हणून काही असतं की नाही. तिच्या तोंडी एक वाक्य दिलं तर तिचं काय बिघडणार आहे?

त्यांनी पायचा तुकडा माझ्याकडे सरकवला. ताजा होता. पाहुणी झाले होते. म्हणाल्या, त्या बाईच्या तोंडी जॉब पेनीमनने शब्द घातले. मग पाद्र्याने घातले. मग मी तेहतीस वर्षं तिची मान फासात घातली. "आता तिला जरा बोलू दे, पदवीधर. आपण थांबू."

पेनीमनने न्यायालयात दिलेली मूळ तक्रार कुठेतरी असायलाच हवी होती. त्या काळची शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात खोक्यांत आहेत, यादी न केलेली. मिसेस टींनी चार पत्रं पाठवली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की त्या हिवाळ्याचं एक खोकं आहे, पण वाचायला समक्ष यावं लागेल. त्यांनी वेळ घेतली. नऊ मे, गुरुवार. गाडी कुठे उलटी लावता येईल हेही फोनवर विचारून घेतलं.

सात मेला, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, त्या ग्रंथालयासमोर, गाडीतच, गेल्या. गाडी लावून झाली होती. उलटी, तोंड रस्त्याकडे. हातब्रेक ओढलेला होता. पेन्सिल अंबाड्यात होती.

मला अजून त्याबद्दल नीट लिहिता येत नाही. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये किती माणसं होती ते कुणी मोजलं नाही, एवढंच सांगते. मी मोजायला घेतली आणि साठच्या पुढे चुकले. परतताना सगळ्या गाड्या मिल रोडच्या फाटकाशी थांबल्या. एकामागून एक. दारं किंचित उघडली. मागच्या गाडीतल्या वूस्टरच्या पाहुण्यांनी विचारलं, आगगाडी येतेय का?

तालमी सुरू झाल्या आहेत. रॉस्कोच्या बत्तीसच्या बत्तीस ओळी पाठ आहेत. डुकरीण दर तालमीला येते, आणि खरंच परत जात नाही. थँकफुलचं काम करणारी ग्रंथपाल बाई तिसऱ्या हाकेला दार उघडते आणि हसते. मग सगळे माझ्याकडे बघतात.

मिसेस टींच्या टंकयंत्रात शेवटचा कागद तसाच आहे. 'हसली व मला म्हणाली', तिथे. त्याच्या शेजारी दप्तरखान्याची चिठ्ठी सापडली, त्यांच्याच अक्षरात भरलेली. खोकं एक्केचाळीस. गुरुवार, सकाळी दहा. वाचक किती, या रकान्यात त्यांनी दोन लिहिलं होतं.

ते खोकं अजून कुणी उघडलेलं नाही.